मेल्यावर आईला दात आले

लिसनागार, क्लेअर
४ नोव्हेंबर १९९७

प्रिय फिंटन,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीने पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून लिहिलं. मनात सध्या आशीर्वाद फारसे शिल्लक नाहीत.

इकडे सर्व ठीक. पाऊस आहे, म्हणजे नेहमीसारखंच. तांबडी गाय मागच्या आठवड्यात ओढ्यात घसरली. शेजारच्या मॉसी कॉन्सिडाइनने दोर लावून तिला बाहेर काढलं, आणि तेव्हापासून गाय नीट चालते आहे आणि मॉसी लंगडतो आहे. आपल्या मागच्या खोलीची खिडकी अजून लागत नाही. आईच्या तब्येतीचं पुढे लिहिते. साउनला, गेलेली माणसं घरी येतात त्याच रात्री, तू फोन केलास तेव्हा नीट बोलता आलं नाही, त्याचंही पुढे लिहिते.

या वर्षी गावाने ऑक्टोबरअखेरचा साउन ‘अगदी मूळ पद्धतीने’ साजरा करायचं ठरवलं होतं. मैदानात एनिसहून एक केल्टिक पुरोहित भाड्याने आणला. पांढरा झगा, कापसाची दाढी, पायात रबरी बूट. दोन हजार वर्षांपूर्वी आपले पूर्वज या दिवशी काय काय करायचे ते तो माइकवरून सांगत होता, आणि पावसाने डिंक सुटून त्याची दाढी हळूहळू छातीवर उतरत होती. पूर्वज म्हणे नाचायचे, मुखवटे घालायचे, ज्वाळांशी बोलायचे. मॉसी मागून म्हणाला, “माझ्या आज्याला एवढा वेळ कुठला बाबा, त्याला डोंगरावरून गुरं खाली आणायची असायची.” पोरांच्या हातात दुकानातले लाल भोपळे होते. सलगम एकाही घरात कोरला नव्हता. तुला आठवतं का, सलगम कोरताना चमचे वाकायचे, आणि आत मेणबत्ती लावली की जळक्या सलगमाची अशी घाण सुटायची की तोंडातला घास आत जाऊ नये? त्या वासाने भुतं पळायची आणि ते बरोबरच होतं. भोपळ्याच्या गोड हसऱ्या तोंडाला घाबरून कोण पळणार आहे? मला तर सगळ्याचाच उबग आला. डोकं दुखतंय सांगून मी घरी आले.

पण खरं सांगायचं तर त्या दाढीवाल्याला हसायचा अधिकार आता आपल्या घराला राहिलेला नाही. तुझ्यामुळे. हे लिहायचं मी दोन पानं टाळते आहे, आता टाळून चालणार नाही.

शेजारच्या पेगची भाची असम्प्टा बॉस्टनहून सुट्टीवर आली आहे. येताना तिने मोठ्या कौतुकाने तुझ्या दुकानातून आईसाठी भेट आणली. हिरवा खोका, वर सोनेरी फीत, आत तुझा ब्रॅक, मनुका घातलेला गोड पाव, आणि जॅमची एक बाटली. आई बटाटे सोलत होती. मी इस्त्री करत होते. पेगला मोठ्याने वाचायची हौस तुला माहीत आहे. चष्मा लावून ती खोक्याच्या झाकणावरचं वाचायला लागली. केल्टिक पुरोहितांपासून चालत आलेली आमच्या घराण्याची गुप्त पाककृती. डोंगरातलं दगडी घर. शेकोटीशी हातात व्हिस्कीचा पेला घेऊन प्राचीन कथा सांगणारे वडील. व्हिस्कीत मनुका भिजवणारी आई. आणि सगळ्यात शेवटी, ‘माझी दिवंगत आई डीलिया हिच्या पवित्र स्मृतीस.’

पेगच्या तोंडून शब्द निघून गेला आणि मग ती थांबली. इस्त्रीखाली माझी उशीची खोळ जळली.

“वाच की पुढे,” आई म्हणाली.

“संपलं,” पेग म्हणाली.

“हो, संपलंच म्हणायचं,” असं म्हणून आईने हात पुसले आणि झाकण मागून घेतलं. झाकणावर शाल पांघरून दात दाखवत हसणाऱ्या म्हातारीचा फोटो आहे. कोण आहे रे ती बाई? कुठून पैदा केलीस? आईने झाकण खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं आणि बोळक्या तोंडाने मला म्हणाली, “बघ डिम्फना, मेल्यावर मला दात आले.”

आम्ही हसलो, फिंटन. पेग तर डोळे पुसेपर्यंत हसली. ते आधी सांगते, म्हणजे आम्ही छाती बडवून घेतली असं तुला वाटायला नको.

मग आईने तुझा ब्रॅक कापला. एक घास तोंडात घातला आणि रुमालात थुंकला. तिने तोंड धुतलं, परत धुतलं, आणि रुमाल सरळ चुलीत टाकला. तू त्यात खरोखरच व्हिस्की घातली आहेस. मला वाटलं होतं, निदान ती तरी थाप असेल. अरे, या घरात ब्रॅकच्या मनुका कोऱ्या गार चहात का भिजायच्या हे तुला कोणी सांगायला हवं का? बाटली सापडली की आई ती मोरीत ओतायची, आणि तू दाराशी उभा राहून बाबा येतात का ते बघायचास. बाबा पेला हातात घेऊन शेकोटीशी बसायचे हे खरं. कथा सांगायचे हे तू कुठून आणलंस? मला आठवते ती एकच कथा, आणि त्यात तुझा दात पडला होता. त्याच पेल्याला तू सोनेरी फीत बांधून विकायला ठेवलंस. मला शिसारी येते, दुसरा शब्द मला सापडत नाही.

आणि केल्टिक पुरोहित चहा प्यायचे का, की मनुका खायचे? त्यांना तरी यात कशाला ओढलंस? आईला ही कृती तिच्या मावशीने शिकवली आणि मावशीला जिच्याकडे ती स्वयंपाकाला होती त्या बाईने.

वर्षाचं नशीब सांगणाऱ्या वस्तूंपैकी तुझ्या ब्रॅकमध्ये अंगठी निघाली आणि एक चकचकीत नाणं निघालं. मी उरलेला ब्रॅक पूर्ण कुस्करून बघितला. चिंधी नाही, काटकी नाही, वाटाणा नाही. म्हणजे तुझ्या अमेरिकेत सगळ्यांची लग्नं होणार आणि सगळे श्रीमंत होणार. कोणाच्या वाट्याला गरिबी येणार नाही, कोणाला नवरा मारणार नाही, कोणी बिनलग्नाचं राहणार नाही. मला सलग तीन वर्षं वाटाणा आला होता तेव्हा टाळ्या पिटायला तूच पुढे होतास.

जॅमबद्दल लिहायला नको वाटतं, तरी लिहिते. बाटलीवर छापलंय, ‘साउननंतर तोडलेल्या ब्लॅकबेरींचा.’ तू हे छापून कसं येऊ दिलंस? साउन झाला की पूकाचं भूत कुंपणाकुंपणावरून थुंकत जातं, आणि नुसतं थुंकतच नाही. लिसनागारमधलं शेंबडं पोरदेखील त्यानंतर ब्लॅकबेरीला हात लावत नाही. तू एकदा लावला होतास तर आईने तुला मिठाच्या पाण्याने ओकायला लावलं होतं, आणि ती फळं आतून कशी किड्यांनी वळवळत असतात ते फोडून दाखवलं होतं. मॉसीने बाटली पाहिली आणि म्हणाला, “एवढा लांब जाऊन पोरगा भुताची थुंकी बाटलीत भरून विकतोय, धंद्याला डोकं लागतं.” त्याने ती चिमट्याने उचलून उकिरड्यावर नेली.

हे सगळं मी तुला त्याच दिवशी फोन करून ऐकवणार होते. आईने अडवलं. “नको. साउनला त्याचा फोन येतोच. तेव्हा बघू.”  मी दोन दिवस तुझ्या नावाने शंख करत होते आणि ती ऐकत होती, हो नाही, काही नाही.

आता साउनची संध्याकाळ.

आईने सकाळीच ब्रॅक लावला होता. संध्याकाळी मी बटाटे आणि कोबी घोटून कॉलकॅनन केलं आणि मधल्या खळग्यात लोणी सोडलं. बाबांची खुर्ची दरवर्षीप्रमाणे शेकोटीकडे तोंड करून ठेवली, समोर स्टुलावर ताट, ताटाशेजारी चहाचा पेला. आई तो पेला ठेवताना दरवर्षी म्हणते, “मेल्यावर तरी शुद्धीत राहा, थॅडी.” या वर्षी तेही म्हणाली नाही. दाराची कडी काढून ठेवली. मग आत गेली आणि बाहेर आली ती रविवारचा कोट घालून, पिन लावून, हातात जपमाळ घेऊन. तिने टेबलापासची आपली खुर्ची उचलली आणि बाबांच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवली. शेकोटीकडे तोंड, आमच्याकडे पाठ.

“आई, हे काय?”

“माझं ताट इकडे वाढ,” ती म्हणाली. “आणि यानंतर माझ्याशी बोलू नकोस. गेलेल्यांशी बोलायचं नसतं, तुला माहीत आहे.”

मी काय करणार? वाढलं.

थोड्या वेळाने मॉसी आणि पेग नेहमीप्रमाणे आले. मॉसी दारातूनच म्हणाला, “काय डीलिया, आज चर्चला जायचंय की काय?” उत्तर नाही. त्याने परत हाक मारली. मी काही न बोलता त्याच्या हातात ते झाकण दिलं. त्याला चष्म्याशिवाय वाचायला वेळ लागतो. वाचून झाल्यावर त्याने आईच्या पाठीकडे पाहिलं, मांडलेल्या दोन ताटांकडे पाहिलं, आणि टोपी काढली.

“देव तिच्या आत्म्याला शांती देवो. केव्हा गेली?”

“अमेरिकेत गेली,” मी म्हटलं. “इथे कळायला वेळ लागला.”

“टपाल हल्ली फारच मंद झालंय.” तो टेबलाशी बसला आणि त्याने अगदी दुःखी चेहरा केला. “बाई चांगली होती हो. जरा नाकाने कांदे सोलायची, पण मनाने चांगली. चहा तेवढा असा करायची की पेल्याच्या तळाची चीर दिसावी.”

आईच्या मानेवर लाली चढली, ती मला मागूनही दिसत होती.

“मॉसी, पुरे,” पेग म्हणाली.

“गेलेल्या माणसाबद्दल खरं बोलावं. आता तिची तांबडी गाय मी घेऊन जातो. तिला काय उपयोग? ओढ्यातून मीच काढली होती.”

आई जोरात खोकली.

“चिमणीत वारा शिरलाय,” मॉसी म्हणाला आणि त्याने कॉलकॅनन वाढून घेतलं.

पेगला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. खरंच रडायला लागली, फिंटन, आणि मग आम्हाला कोणालाच पुढे काय करावं ते सुचेना. गंमत तोवर संपली होती. आईने घासही घेतला नव्हता. नुसती बसली होती, माळेचा एक मणी दोन बोटांत धरून, आणि तो पुढे सरकत नव्हता. ती ऐकत होती. आमचं नाही, फोनचं.

आणि तुझा फोन आला.

तुझ्यामागे गर्दीचा आवाज होता, कोणीतरी तुला हाका मारत होतं. तू म्हणालास, “डिम्फना, कशा आहात सगळे? आईला दे.” मी आईकडे बघितलं. तिने पाठमोरीच मान हलवली. गेलेली माणसं फोनवर येत नाहीत. मग मी तुला म्हटलं, “आईला फोनवर येता येणार नाही.” मी नीट, सावकाश म्हटलं. मी थांबलेही. कोणत्याही मुलाने या शब्दांवर काय विचारलं असतं? बरी आहे ना? काय झालं? कुठे आहे? तू म्हणालास, “बरं, असू दे, तिला सांग आठवण काढली म्हणून. इथे पाय ठेवायला जागा नाहीये, ब्रॅक संपत आलेत.” आणि ठेवलास.

बाबा गेले तेव्हा तुझी फुलं आली होती, तू नाही. ते मी तुला कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या रात्री रिसीव्हर हातात धरून उभी असताना मला पहिल्यांदा कळलं की तू तिला झाकणावर का मारलंस. मला वाटलं होतं, मेलेल्या आईचा ब्रॅक जास्त खपतो म्हणून. ते असेलच. पण मेलेल्या आईला भेटायला जावं लागत नाही, हे त्याहून सोयीचं.

मी रिसीव्हर ठेवला. मॉसी आणि पेग माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं, फोन होताच एवढासा. आणि तेव्हा आई बोलली. मागे वळली नाही.

“विचारलं का त्याने?”

फिंटन, मी एरवी खोटं बोलत नाही. तू म्हणतोस तशी मी खडूस आहे, तिरसट आहे, पण खोटारडी नाही. त्या पाठीकडे बघून मी म्हणाले, “हो.”

“काय म्हणाला?”

“घाबरला. काय झालं, डॉक्टरला बोलावलं का, म्हणाला.”

“आणि?”

एकदा सुरू झालं की थांबत नाही. “नाताळला येतो म्हणाला.”

तिने माळ खिशात ठेवली. मग उठली, कोट काढून खिळ्याला लावला, आणि टेबलाशी येऊन माझ्याच ताटातलं गार झालेलं कॉलकॅनन खायला लागली. शेकोटीपुढच्या ताटांना तिने हात लावला नाही, त्यांतला कस गेलेल्यांनी नेलेला असतो. ते सकाळी कोंबड्यांना घातलं. मॉसी म्हणाला, “मेलेल्या बाईला भूक बरी आहे.” आई म्हणाली, “आणि माझी गाय नेलीस तर तंगडं मोडीन. लंगडं नाही, चांगलं.” मग ब्रॅक कापला. तिच्या वाट्याला चिंधी आली. ती चिंधी सगळ्यांना दाखवत ती हसली. “म्हणजे मी जिवंत आहे हे नक्की. मेलेल्यांना कसली आली गरिबी.” जाताना मॉसीने माझ्याकडे बघितलं नाही. टोपी डोक्यावर घालायची विसरून तो तसाच पावसात गेला.

तुझ्या खोक्याची मला किळस आली होती. पण त्या रात्री भांडी घासताना मला माझ्याच जिभेची किळस आली. तू आईला एका वाक्यात मारलंस, मी एका वाक्यात उठवलं, आणि दोन्ही वाक्यं खोटी. आपण दोघं एकाच बापाची मुलं आहोत याची मला त्या दिवशी खात्री पटली. तेही अशीच वचनं द्यायचे, आणि आईला ती खरी वाटायची.

तिची तब्येत पुढे लिहिते म्हटलं होतं. उत्तम आहे. इतकी की मला तिच्याकडे बघवत नाही. नाताळच्या पुडिंगसाठी तिने आतापासून फळं भिजवली आहेत, चहात. मॉसीकडून मागच्या खोलीची खिडकी दुरुस्त करून घेणार आहे, तुझी गादी चुलीपुढे शेकायला लावली आहे. रविवारी चर्चच्या दाराशी जो भेटेल त्याला सांगत होती, फिंटन घाबरला, फिंटनने डॉक्टरचं विचारलं, फिंटन नाताळला येतोय. लोक म्हणतात, वा, छान. पेग माझ्याकडे बघते आणि मी हातमोजे घालायला लागते.

तेव्हा खोक्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. झाकण बदल किंवा बदलू नकोस. व्हिस्की घाल, पूकाची थुंकी विक, तुझ्या पुरोहितांना तुझ्याकडे ठेव. त्या दातवाल्या बाईलाही ठेव. मला एकच हवं आहे. मी तुझ्या नावाने जे बोलले ते तू खरं करून दे. मी तिला खरं सांगणार नाही. ती परत त्या कोटात त्या खुर्चीत बसलेली बघायची माझ्यात ताकद नाही, आणि पुढच्या वेळी ती गमतीने बसलेली असेल असंही नाही.

ती खुर्ची अजून शेकोटीपुढेच आहे. बाबांची मी दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून जागेवर ठेवली, दरवर्षी ठेवतो तशी. दुसरी उचलायला गेले तर आई म्हणाली, “राहू दे ती. नाताळला फिंटनला लागेल.” तेव्हा तू आलास तर ती तुझी बसायची जागा. नाही आलास, तर येत्या साउनला तिच्यासमोर ताट मी माझ्या हाताने वाढीन, दार उघडं ठेवीन, आणि ते कोणाचं म्हणून आईने विचारलं तर तिला तुझं नाव सांगीन. त्या वेळी खोटं बोलणार नाही.

तुझ्या जिवंत आईची मुलगी,
डिम्फना